शेपटीचे चार तंतू

प्रिय एवेलियो,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. ओळखणार कसं, तुला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. आपलं तसं ठरलंच होतं, आणि ठरलेलं पाळायची आपल्या दोघांनाही भारी खोड. मी कासिल्दा. बाल्बिनोची मुलगी, कोंबड्यांवाली. या पत्राबरोबर एक काड्यापेटी आहे, तिला चिकटपट्टी लावली आहे. ती आत्ता उघडू नकोस. तू उतावळा आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणून बजावून सांगते, आधी सगळं पत्र वाच आणि मगच तिला हात लाव.

जूनमध्ये तुझी सोलेन इथे येऊन गेली. तिने तुला सांगितलं असेलच, पण काय काय सांगितलं ते मला माहीत नाही. पिसं विकत घ्यायला म्हणून दोन मैत्रिणींना घेऊन ती दारात उभी राहिली. कमरेपर्यंत रबरी विजारी आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर निम्मी नदी. मी जरा करवादलेच. मग पोरींच्या तोंडाकडे बघून दया आली, बसवलं, पाव कापला, सेसिनाच्या चकत्या काढल्या. तू गेल्यापासून तुला कोणी आपल्याकडचं वाळवलेलं मांस खायला घातलं की नाही कोण जाणे, तुझ्या मुलीने मात्र दोन माणसांचं खाल्लं. खाता खाता तिने गळाला लावायच्या नकली माश्यांचा डबा उघडला आणि माझ्यासमोर सरकवला. म्हणाली, हे बघून मला यांना साजेशी पिसं द्या. डब्यात ओळीने त्या जातीच्या माश्या, आपले छर्रे, लावलेले. बारीक, चकचकीत, तांदळाच्या दाण्याहून जाड नाहीत. असे बारीक बांधणारा मी आयुष्यात एकच माणूस बघितला आहे. मी विचारलं, "कोणी बांधलेत हे?" तर म्हणते, "बाबांनी. इथलेच आहेत की ते, याच खोऱ्यातले." तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्या कानांकडे गेलं. तुझेच कान, बिचारीच्या वाट्याला आलेत.

आणि मग तिलाही उमगलं. माझ्याकडे बघितलं, खिडकीतून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघितलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे त्या कासिल्दामावशी तुम्हीच! बाबांना नाही म्हणालेल्या!" वर हसून म्हणते, "बरंच केलंत हो, नाहीतर मी कुठे असते?" तिच्या मनात काही नव्हतं. मुलगी मोकळी आहे, बोलली आणि पुन्हा खायला लागली. मीही हसले. पण त्यानंतर कापलेली एकही चकती सरळ आली नाही. नाही म्हणालेली. एवेलियो, मी तुला नाही कधी म्हणाले? इतकी वर्षं तू हे मनात धरून बसला आहेस आणि ते खोटं आहे. 

तुला ती नेलपॉलिशची बाटली आठवते का? आठवत नसेल तर हे पत्र तिथेच चुलीत टाक. सान फ्रोइलानच्या जत्रेसाठी मी लेओनहून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक लाल आणि एक बिनरंगी. लाल मी जत्रेत लावली. बिनरंगी तू पळवलीस. तोवर इथे सगळे पिसांची फुललेली माशी बांधायचे, पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जाणारी. तुझ्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. ट्राउट मासळी खाली दगडात तोंड घालून खाते, मग आपली माशी वर कशाला मिरवते, असं तू माझ्या बाबांना विचारलंस. बाबा म्हणाले, "कारण आपण माणसं आहोत, दगड नाही." तू ऐकणाऱ्यातला कुठे! गळाच्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलीस, त्यावर रेशमाचा धागा, तोही पीळ काढून अगदी सपाट, पुढे एक जड मणी, मागे आमच्या कोंबड्याच्या पिसाचे चार तंतू, पाठीवर काळा ठिपका, आणि शेपटी सोडून सगळ्यावर माझं नेलपॉलिश. सुकलं की काचेसारखं गुळगुळीत. तुझं एकच पालुपद, "बारीक हवं, कासिल्दा. अंगावर मांस चढलं की पाणी तिला धरून ठेवतं. बारीक आणि जड असली की सुरीसारखी तळाला जाते." बाबा तुझ्याकडे बघत आणि म्हणत, "पोरीची नखं रंगवायची बाटली, आणि हा छर्ऱ्याला नटवतोय!" नाव तिथूनच पडलं. बंदुकीचा छर्रा. गावात आठवडाभर बोलत होते की एवेलियोच्या अंगाला केशकर्तनालयाचा वास येतो.

आणि पुलाखालच्या डोहातून तू लागोपाठ मासे काढायला लागलास, तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. तू मलाही शिकवलंस. वर, प्रवाहाच्या तोंडाकडे टाकायचं, हात उंच, दोरी ताणलेली पण ओढलेली नाही, आणि छर्रा तळाला टेकत टेकत आपल्याकडे येऊ द्यायचा. दगडाला लागला की खट्ट वाजल्यासारखं होतं, माशाने घेतला की काहीच होत नाही, दोरी नुसती क्षणभर थांबते. त्या थांबण्यावर हात उचलायचा. मला ते तुझ्याआधी जमलं, हे तू कबूल केलं नाहीस. तुझी बोटं चांगली होती, डोळे माझे चांगले होते. कुठल्याही पिसाचा एक तंतू उजेडात धरून ते कोणत्या घरच्या कोंबड्याचं, कोणत्या महिन्यात उपटलेलं, हे मी सांगायची. मला त्याचा गर्व होता, आणि त्या गर्वानेच पुढे माझं वाटोळं केलं.

तुला पलीकडे, पिरेनीजच्या फ्रेंच उतारावर, माशांची पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात नोकरी लागली. तू मला मागायला आलास तेव्हा बाबा कोंबडा मांडीत धरून, त्याच्या डोक्यावर फडकं टाकून पाठीची पिसं उपटत होते, पिसं उतरत्या चंद्रातच उपटायची हा त्यांचा नेम म्हणून. त्यांनी काम थांबवलंसुद्धा नाही. म्हणाले, आपला कोंबडा खोऱ्याबाहेर नेला की एकदा पिसं झडून नवी येतात ती विझलेली येतात. आजोबांनी नेऊन बघितले, चुलत्यांनी नेऊन बघितले. ही माती, हे पाणी, हा वारा, त्याशिवाय ती चमक टिकत नाही. "आणि माझी पोर याच अंगणात वाढली आहे," ते म्हणाले. तू चिडलास. तू म्हणालास, बाल्बिनोकाका, द्या मला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या, मी दाखवतो. तिथेच ठरलं. पत्रं नकोत, पत्रात माणूस हवं ते लिहितो. पिसाला खोटं बोलता येत नाही. तिकडे उगवलेलं पीस इथल्यासारखं चमकलं तर ते पाठवायचं, आणि बाबा स्वतः मला बसमध्ये बसवून देतील. चमकलं नाही तर नाही पाठवायचं, आणि कोणी कोणाला विचारायचं नाही.

तुला वाटलं असेल मी बापाच्या धाकाने गप्प बसले. तसं नव्हतं. मलाही ते खरं वाटायचं. खोऱ्यातल्या सगळ्यांनाच वाटायचं, अजूनही वाटतं. मी तुझ्यावर प्रेम करत होते आणि मला भीती वाटत होती की तिकडे गेल्यावर मी विझेन, आणि तू मला विझलेली बघशील. म्हणून मीही त्या कोंबड्यावरच सगळं सोडलं. वीस-बावीस वर्षांची धडधाकट बाई, आणि आयुष्याचा निर्णय कोंबड्याच्या पाठीवर! आज कोणी पोरीने मला हे सांगितलं असतं तर मी तिला झाडूने बडवलं असतं.

पहिलं वर्ष काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी, मासेमारीचा मोसम संपायच्या जरा आधी, पोस्टमनने छोटं पाकीट दिलं. ते बाबांनीच फोडलं. आत पीस नव्हतं. आत एक छर्रा होता. सुंदर बांधलेला, आणि मण्याच्या मागे लाल नेलपॉलिशचं बारीकसं कडं. माझ्या जत्रेतल्या लालासारखंच. बाबांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "शेपटीला आपलीच पिसं लावली आहेत त्याने, जाताना नेलेली. निरोप आहे हा, पोरी. भला माणूस." आणि तळहातावर ठेवून मला दिला. बाबा खोटं बोलले नाहीत, त्यांना तसंच वाटलं. मलाही तसंच वाटलं. मी त्या लाल कड्याकडे बघत राहिले आणि रडत राहिले. शेपटीकडे मी बघितलं नाही, एवेलियो. सगळ्या खोऱ्यातले तेज डोळे, आणि बघायच्या वेळी ते त्या कड्यावर खिळून बसले.

डब्यात पडलेली माशी मेलेली असते असं तू म्हणायचास, म्हणून मी ती पुलाखाली घेऊन गेले. तिसऱ्या-चौथ्या फेकीला दोरी थांबली, मी हात उचलला, चांगली थोराड ट्राउट आली. तिच्या जबड्यातून छर्रा सोडवताना ऊन समोरून होतं आणि ओली शेपटी मधाच्या रंगाची चमकली. आपली पिसं अशी नसतात. आपल्यात राखाडी झाक असते. क्षणभर मनात काहीतरी हललं. मग मी स्वतःला सांगितलं, नेलपॉलिश पाझरलं असेल शेपटीत, त्याचा हात सढळ. तुझा हात सढळ! ज्याने आयुष्यात एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्याचा! पुढच्याच फेकीला छर्रा खालच्या खडकात अडकला, मी ओढला, दोरी तुटली. मी पाण्यात उतरून हात घालून शोधला, गळ्यापर्यंत भिजले. नाही सापडला.

पुढचं तुला थोडक्यात सांगते. मी हर्मिनियोशी लग्न केलं, ला वेसियाची बस चालवायचा तो. वाईट वागला नाही कधी, हसवायचा, माझ्या कोंबड्यांची नावं नगरसेवकांवरून ठेवायचा. चार हिवाळ्यांपूर्वी गेला. त्याच्यासोबतच्या वर्षांना मी नावं ठेवणार नाही आणि तूही तुझ्या बायकोच्या वर्षांना ठेवू नयेस. ती गेल्याचं सोलेनने सांगितलं, वाईट वाटलं. बाबा केव्हाच गेले. कोंबडे अजून आहेत, पण आता त्यांना मांडीत धरायचं तर माझे गुडघे आधी ओरडतात.

सोलेन गेल्यावर रात्रभर तळमळून मी दुसऱ्या सकाळी तिला पुलाखाली गाठलं. तुझ्यासारखीच उभी होती, हात उंच, खांदा किंचित वाकडा. मी काठावरूनच विचारलं, मी नाही म्हणाले असं कोण म्हणतं? "बाबा," ती म्हणाली, दोरीवरची नजर न काढता. आणि मग तिने सगळं सांगितलं. की पहिल्या वर्षी तुझा कोंबडा खरंच विझला. तू कोणाला तोंड दाखवलं नाहीस. दुसऱ्या वर्षी अख्ख्या पाठीवर एकच पीस नीट आलं, त्याचीही एकच कड चमकदार, बाकी सगळं मातकट. ते तसं पाठवलं असतं तर बाल्बिनोकाका हसले असते. म्हणून त्या कडेचे चार तंतू तू वेचून काढलेस आणि छर्ऱ्याला शेपटी म्हणून बांधलेस. तुला वाटलं, म्हाताऱ्याला कळणार नाही, पण कासिल्दाला कळेल. चार तंतू तिला पुरेत. "बाबा म्हणतात, तिच्या डोळ्यांना न कळणं शक्यच नाही. तिला कळलं, आणि ती आली नाही." असं म्हणाली सोलेन, आणि तेवढ्यात तिची दोरी थांबली, तिने मासा उचलला आणि मला दाखवला. मी वा वा म्हणाले बहुतेक.

तू माझ्या डोळ्यांवर फार भरवसा टाकलास रे. इतका भरवसा कोणी कोणावर टाकू नये. आणि ऐक, मला तुझा रागही आला आहे, तो मी लपवणार नाही. तिसऱ्या वर्षी म्हणे तुझ्या अंगणातले सगळे कोंबडे लखलखायला लागले. मग एक अख्खं पीस पाकिटात घालून पाठवलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? मी तोवर कुठे गेले होते! हर्मिनियोला मी त्याच्याही नंतर हो म्हटलं. पण नाही, साहेबांनी विचारलं होतं, उत्तर आलं नाही, आता पुन्हा विचारायचं म्हणजे मान खाली जाते. आणि मीही तशीच, कोणी कोणाला विचारायचं नाही म्हटल्यावर तोंडाला कुलूप घालून बसले. बाबांना मी बोल लावत नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि पीस आलं असतं तर त्यांनी रडत का होईना तो पाळला असता. आपण दोघांनीच हे केलं, एक जास्त अभिमानी आणि एक जास्त आज्ञाधारक.

जायच्या दिवशी सोलेन पुन्हा आली. माझं एक पीस घेतलं आणि तुझ्या कोंबड्याचं एक ठेवून गेली, जुळवून बघायला म्हणून. मी ते खिडकीत धरलं. आपलेच ठिपके, बाबांच्या वाणाचे, जसेच्या तसे, फक्त खालचा रंग मधाचा. तिकडचा दगड चुन्याचा आहे ना, म्हणून असेल. विझलेलं कुठेच नव्हतं. मी त्या पिसाशी किती वेळ बसले होते कोण जाणे, कोंबडे दाण्यासाठी दार ठोकायला लागले तेव्हा उठले. मी तिकडे विझले नसते, एवेलियो. थोडी वेगळ्या रंगाची झाले असते, इतकंच.

तिने हेही सांगितलं की अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझा उजवा हात उठत नाही आणि आता छर्रे तू सांगतोस आणि ती बांधते. डब्यातले तुझ्या हातचे होते ते शेवटचे. म्हणून मी ठरवलं की या वेळी मी बांधायचं. मी जन्मभर पिसं विकली, पण माशी कधी बांधली नव्हती. शेजारच्या नातवाचा गळ घट्ट धरायचा शिकंजा मागून आणला, तो टेबलाला लावताना टेबलच चिरलं. पहिला छर्रा झाला तो माझ्यासारखाच, कमरेत जाड. दुसऱ्याचा मणी सुटला. धाग्याचा पीळ काढायला मी विसरायचे आणि मग तुझा आवाज यायचा, बारीक, कासिल्दा, बारीक. लाल नेलपॉलिश आणायला लेओनला गेले, तर दुकानातली पोरगी म्हणते, "आजी, लग्नाबिग्नाला चाललात की काय?" मी म्हटलं, हो, जरा उशीर झालाय. तिला वाटलं थट्टा करतेय. उन्हाळा सरला तेव्हा कुठे एक छर्रा असा झाला की तुला दाखवायला लाज वाटू नये.

आता काड्यापेटी उघड. डाव्या हाताने जमेल, चिकटपट्टी सैलच लावली आहे. मण्याच्या मागे लाल कडं दिसेल, त्याच्याकडे बघू नकोस, मी तेच करून बसले. खिडकीपाशी जा, डोक्याकडून धर आणि शेपटी उजेडात आण. चार तंतू आहेत. दोन तुझ्या अंगणातले, दोन माझ्या. कुठले कोणते ते तुला सांगायची गरज नाही. ये म्हणायला किंवा येते म्हणायला मी हे लिहिलेलं नाही, आता आपले गुडघे आणि हात ते ठरवतील. पण मी तुला नाही म्हणाले असं मनात घेऊन तू जाऊ नयेस, आणि तू मला विचारलंच नाहीस असं मनात घेऊन मी जाऊ नये. तू विचारलं होतंस. तेव्हाही माझं उत्तर हो होतं.

कधीच ‘नाही’ न म्हणालेली,
तुझीच
कासिल्दा